इंजिनात तुटलेला बोल्ट: हात लावण्याआधी तो घट्ट करताना तुटला की खोलताना, ते विचारा

सकाळी थंड गाडी सुरू केली की इंजिनातून टिक-टिक आवाज येतो आणि पाच मिनिटं चालली की आवाज गायब होतो. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी आधी कुठेतरी टॅपेट सेट करून घेतलेले असतात, ऑइल बदललेलं असतं, आणि आवाज जिथल्या तिथे असतो. अशा गाडीचं बोनेट उघडलं की मी आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलेंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळाच्या, दोन्ही टोकांना टॉर्च मारतो. शेवटच्या स्टडवर (हेडमध्ये रोवलेला बिनडोक्याचा बोल्ट) नट नाही, किंवा स्टडच अर्धा गायब आहे, आणि पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा फराटा उठलाय, एवढं दिसलं की निदान झालं. इंजिन थंड असताना मॅनिफोल्ड आणि हेडमध्ये, म्हणजे सिलेंडरांवरच्या झाकणामध्ये, केसाएवढी फट राहते. सिलेंडर पेटला की तिथून गॅस फटकन बाहेर येतो, त्याचाच तो आवाज. मॅनिफोल्ड तापून फुगला की फट मिटते, आणि मालकाला वाटतं गाडी सुधारली.

खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. इंजिन थंड आणि बंद असताना सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअरची हवा लावा, भोवती चिंधी गुंडाळा आणि मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. गळती असेल तिथे बुडबुडे येतात. आवाज सहन होतो म्हणून गाडी तशीच चालवू नका. हा गॅस एसीच्या हवेबरोबर केबिनमध्ये ओढला जाऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या सीटवर लेकरं झोपलेली असतात.

मी नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर हे काम करतो. आवाज कुठून येतो ते सापडायला दहा मिनिटं लागतात. खरी परीक्षा पुढे सुरू होते, कारण हेडमध्ये अडकलेला तो तुकडा बाहेर काढायचा असतो. गाडीवाला सांगतो, "भाऊ, ईझी आउट लावून काढून टाका ना, काय लागते त्याले!" ईझी आउट म्हणजे तुटलेल्या बोल्टात भोक पाडून त्यात उलटं फिरवायचं पीळदार हत्यार. बिघडलेल्या बहुतेक केसेसची सुरुवात नेमकी ह्याच वाक्यापासून झालेली मी पाहिली आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तुटला कसा, हे आधी

तुटलेला बोल्ट दिसला की पहिला प्रश्न मालकाला किंवा आधीच्या मेकॅनिकला विचारायचा: हा घट्ट करताना तुटला, खोलताना तुटला की चालता चालता आपोआप तुटला? ह्या तिघांचं औषध वेगवेगळं आहे.

घट्ट करताना तुटलेला बोल्ट बहुतेक वेळा आत मोकळा असतो. बोल्ट आवळलेला राहतो तो डोक्याच्या ताणामुळे. डोकं गेलं की ताण गेला, आणि खालचा तुकडा आट्यांमध्ये नुसता बसलेला असतो. अशा तुकड्यावर टोकदार टोचा कडेला टेकवून उलट्या दिशेने हलकी हातोडी मारली तर तो फिरायला लागतो. व्हॉल्व्ह कव्हरचे, सम्पचे, टायमिंग कव्हरचे ६ मिलिमीटरचे बोल्ट असेच जातात, कारण कोणीतरी १० च्या पान्याला पाइप लावून आवळलेला असतो. ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टला जेमतेम १० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पुरतो. २५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला फक्त चार किलोचा जोर दिला की तेवढा टॉर्क होतो. एवढाच जोर लागतो, हे नव्या पोरांच्या हाताला लवकर पटत नाही.

खोलताना तुटलेला बोल्ट ह्याच्या अगदी उलट. तो आत जाम आहे म्हणून तर तुटला. डोक्याला १३ ची गोटी (सॉकेट) आणि लांब टॉमी (दांडा) लावून जो हलला नाही, तो त्याच्याच पोटात भोक पाडून बसवलेल्या बोटाएवढ्या ईझी आउटने कसा हलणार? हा साधा हिशोब आहे, तरी घाईत सुटतो.

आपोआप तुटलेला म्हणजे थकून तुटलेला. मॅनिफोल्डचे टोकाचे स्टड असेच जातात. तुटलेला पृष्ठभाग बघा: एका बाजूला जुना, काळपट, गुळगुळीत भाग आणि दुसऱ्या कडेला नवी, चमकदार, दाणेदार तुटण दिसली, तर चीर खूप आधी पडली होती आणि शेवटचा कोपरा परवा गेला. असा तुकडा कधी सहज निघतो, कधी गंजलेला असतो. त्याला खोलताना तुटलेल्यासारखाच मान द्यावा.

मॅनिफोल्डचेच स्टड का, आणि टोकाचेच का

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लोक मला म्हणतात, उन्हाने तुटला असेल. ऊन बिचारं निमित्तही नाही. मॅनिफोल्ड चालत्या गाडीत काही शे अंशांपर्यंत तापतो, बाहेरच्या दहा-पंधरा अंशांनी त्याला काय फरक पडणार? भानगड दोन धातूंमधली आहे. हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा. एक अंश तापमान वाढलं की एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद १२ आणि बीड ११ च्या आसपास. पण मॅनिफोल्ड हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो. ४० सेंटीमीटरचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर सुमारे २.२ मिलिमीटर वाढेल. हेड ८० अंशांनी तापलं तर तेवढ्याच लांबीत पाऊण मिलिमीटरही नाही. उरलेला दीड मिलिमीटर दोन्ही टोकांत वाटला जातो, आणि तो सरकणारा भाग टोकाच्या स्टडला आडवा ढकलतो. गाडी थंड झाली की परत ओढतो. रोज दोनदा, वर्षानुवर्षं. मधले स्टड शाबूत आणि टोकाचे गेलेले, ह्याचं कारण हे.

ह्यात पाण्याची भर पडते. पावसाळ्यात नरेंद्र नगरच्या पुलाखाली साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की तापलेल्या मॅनिफोल्डवर थंड पाणी उडतं. कूलंटच्या बोल्टांची कथा वेगळी, पण नातं पाण्याशीच आहे. रेडिएटरमध्ये बोअरिंगचं पाणी भरत राहिलं की थर्मोस्टॅट हाउसिंगच्या बोल्टांभोवती पांढरी पापुद्र्यासारखी खार जमते. ॲल्युमिनियम पांढरं गंजतं, पोलाद लाल गंजतं, आणि दोन्ही मिळून आट्यांमध्ये सिमेंटासारखे घट्ट होतात. ते ६ मिलिमीटरचे बोल्ट मी कधीच सरळ पाना लावून खोलत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये गाड्या बोनेटपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका वस्तीतली एक डिझेल गाडी गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली. आतलं सगळं तेव्हाच साफ झालं होतं, गाडी रोज चालत होती. पण मॅनिफोल्डचा मागचा ८ मिलिमीटरचा स्टड दुसऱ्या एका गॅरेजात खोलताना हेडच्या पृष्ठभागाला लागून तुटला होता. मालक म्हणाले, "तिकडचे म्हणते हेड काढा लागन. तुम्ही पाहून घ्या ना एकदा." तीच गाडी पुढे समजावायला घेतो.

तेल, आणि धीर

सगळ्यात आधी आट्यांमध्ये शिरणारं तेल. दुकानात मिळणारा गंज सोडवणारा स्प्रे चालतो, नाहीतर ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल अर्धं-अर्धं मिसळून मी स्वतः बनवतो. हे मिश्रण वापरण्याआधी हलवावं लागतं, दोन्ही वेगळे होतात. ॲसिटोन भडकन पेटतं, म्हणून बाटली विडी-सिगारेटपासून आणि वेल्डिंगपासून लांब ठेवा. तेल टाकलं आणि पाच मिनिटांत पाना लावला, तर ते तेल फक्त दिखाव्याला. संध्याकाळी टाकायचं, सकाळी पुन्हा टाकायचं, मध्ये तुटलेल्या टोकावर टोच्याने टकटक मारायचं म्हणजे गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेल खाली उतरतं. त्या गाडीला मी दोन रात्री दिल्या.

अजून न तुटलेल्या शेजारच्या स्टडांनाही हेच. तुटलेला एक काढताना आणखी दोन तुटले, असं व्हायला नको. त्यांचे नट खोलताना कानाने आणि हाताने ऐका. कर्र असा आवाज येऊन नट थोडा हलला तर गंज फुटतोय, चांगलं लक्षण आहे. आवाज न होता पाना रबरासारखा मऊ वळत गेला आणि सोडल्यावर मागे आला, तर नट सुटत नाहीये, स्टड पिळवटतोय. तिथेच थांबा. थोडं परत आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा. पाव फेरा आवळायचा, अर्धा सोडायचा. ह्या एका सवयीने जेवढे बोल्ट वाचतात तेवढे कुठल्याही महागड्या हत्याराने वाचत नाहीत.

स्टडचा तुकडा बाहेर आलेला असेल तर तुमचं नशीब चांगलं. सेंटीमीटरभर जरी उरला असेल तर दोन नट चढवा, एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून फिरवा. आटे खराब असतील तर ग्रिप प्लायर लावा, पण जबडा आधी तुकड्याच्या मापाला नीट बसवा. घसरला की गोल झालाच. त्याआधी स्टडच्या भोवतीचं ॲल्युमिनियम गॅसच्या छोट्या टॉर्चने तापवा. ८ मिलिमीटरच्या भोकाभोवती दीडशे अंशांपर्यंत तापवलं तर ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, आणि फट एक शतांश मिलिमीटरच्या आसपास उघडते. गंज सोडायला तेवढी पुरते. तापलेल्या जोडावर मेणबत्तीचं मेण लावलं तर ते पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं. आमच्या जुन्या उस्तादांची ही युक्ती मला अजून फसलेली नाही.

नट वेल्ड करून काढणं

तुकडा हेडच्या पातळीत असेल तर मी ड्रिलकडे जात नाही, वेल्डिंगकडे जातो. ह्यात दोन फायदे आहेत. तुकड्यावर पुन्हा एक डोकं बसतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो आतल्या आत लाल होऊन गंज चिरडतो, मग थंड होताना आक्रसतो. ॲल्युमिनियमला पोलादाचं वेल्डिंग धरत नाही, त्यामुळे हेडला धोका कमी. पण शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि हेडचं मिश्रण त्याच्याही आधी, हे लक्षात ठेवून एका जागी फार वेळ आर्क ठेवू नका.

आधी तयारी. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) आणि अल्टरनेटरचा कनेक्टर काढा, वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प हेडवरच, तुकड्याच्या जवळ लावा. सीएनजी गाडी असेल तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी केल्याशिवाय तिथे ठिणगीही पाडू नका. डिझेलचे पाइप ओल्या पोत्याने झाका, आग विझवायचा सिलेंडर आणि एक माणूस बाजूला ठेवा. आणि एक महत्त्वाचं: जागा साफ करायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका. आर्कच्या उष्णतेत त्यापासून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. पातळ वायर ब्रशने घासा, कापडाने पुसा, बस.

८ मिलिमीटरच्या तुकड्याला मी १० मिलिमीटरचा साधा, काळा नट घेतो. भोक मोठं असल्यामुळे आतला तुकडा डोळ्यांना दिसतो आणि आर्क नटाच्या कडेला न लागता थेट तुकड्यावर पडते. जस्ताचं पाणी दिलेला चकचकीत नट नको, धूर वाईट आणि वेल्डिंगही पोकळ बसतं. सीओटू वेल्डिंग असेल तर उत्तम, डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे ते असतं. नसेल तर २.५ चा रॉड, चांगला वाळलेला. आर्क तुकड्याच्या मधोमध सुरू करायची, आधी तिथे टेकडी उभी करायची, मग नट भरत वर यायचं. नटाच्या भिंतीवर मारलेला वेल्ड दिसायला भारी दिसतो, पण तुकड्याला चिकटलेलाच नसतो.

तुकडा पातळीच्या खाली गेला असेल तर आधी तुकड्यावर थेंब-थेंब टाकून त्याला वर आणा, त्यावर वॉशर, मग नट. हे हातावर बसायला वेळ लागतो. भंगारातल्या हेडवर आठ-दहा वेळा करून पाहा.

त्या गाडीत पहिला नट उखडला, वेल्ड तुकड्यावर धरलंच नव्हतं. गंजाखाली काजळी होती, मी पुरती घासली नव्हती. दुसऱ्या वेळी धरलं, पण पाना लावला तर तुकडा दगडासारखा. जोर केला नाही. नटाची लाली जाऊ दिली, काळा पडल्यावर मेण लावलं. मेण चर्र करून धूर झालं, उरलेलं नटाच्या बुडाशी ओलं होऊन आत शिरताना दिसलं. पाच मिनिटांनी आधी आवळायच्या दिशेने जरासा रेटा दिला, मग सोडायच्या. कर्र. घड्याळाच्या काट्याएवढा हलला. पोऱ्या म्हणाला, "सुटून राहिला, सुटून राहिला!" मी म्हटलं, थांब. परत आवळला, परत सोडला. असं पुढे-मागे करत वीस मिनिटं लागली. शेवटी तुकडा हातात आला तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये गूळ भरल्यासारखा तपकिरी चुरा होता, आणि हेडमधले आटे मात्र चकचकीत. मालकांना तो तुकडा कागदात बांधून दिला.

दोनदा-तीनदा वेल्ड उखडणं नेहमीचं आहे. प्रत्येक वेळी तुकडा तापतो आणि थंड होतो, म्हणजे तुमचं काम पुढेच सरकतं. चार-पाच प्रयत्नांत झालं नाही तरच ड्रिल.

ड्रिल, आणि ईझी आउटबद्दल

ड्रिल करण्यातला सगळा खेळ मधोमध राहण्याचा आहे. ॲल्युमिनियम मऊ, बोल्ट कडक. बिट थोडी जरी बाजूला सरकली तर ती मऊ बाजूला पळते आणि भोक वाकडं होतं. म्हणून तुकड्याचं टोक आधी ग्राइंडरने सपाट करा, सेंटर पंचने बरोबर मध्ये खूण करा, भिंगाने बघा, चुकली असेल तर पंच तिरपा धरून खूण सरकवा.

ह्याहून पक्का मार्ग म्हणजे मॅनिफोल्डलाच जिग बनवणं. लेथवाल्याकडून एक छोटी बुश बनवून घ्या: बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसेल अशी, आत ४ मिलिमीटरचं भोक. मॅनिफोल्ड बाकीच्या स्टडांवर परत बसवा, बुश टाका आणि त्यातून ड्रिल करा. आता बिट हलायची सोय नाही. भोक मॅनिफोल्डमध्ये थोडं ढिलं असतं, त्यामुळे बसवताना सगळे स्टड भोकांच्या मधोमध येतील असं बघा. लेथवाल्याचं अर्ध्या तासाचं काम आहे, हेड वाचतं.

बिट कोबाल्टची घ्या, आणि जमलं तर उलट्या धारेची. उलट्या धारेची बिट मशीन रिव्हर्सला चालवून कापते, आणि कधी कधी भोक पाडता पाडताच तुकडा गरम होऊन बिटसोबत बाहेर येतो. आधी ४, मग ५, मग ६, शेवटी ६.५. वेग कमी, दाब जास्त, तेल सतत. ४ च्या बिटला मिनिटाला हजार-बाराशे फेरे, ६ ला सातशे-आठशेच्या वर नको. बिट नुसती फिरत राहिली आणि चूर निघाला नाही तर तो भाग घासून आणखी कडक होतो, मग पुढे कापतच नाही. बिटवर टेप लावून खोलीची खूण करा. खोली शेजारच्या निघालेल्या स्टडवरून मोजा. त्या भोकाच्या पलीकडे पाण्याची वाट असू शकते.

एक्झॉस्ट पोर्टमध्ये ग्रीस लावलेलं कापड कोंबून ठेवा, त्याची शेपटी बाहेर लोंबती ठेवा म्हणजे विसरणार नाही. टर्बो गाडीत लोखंडाचा एक कण टर्बोच्या पात्यांत गेला तर बोल्टाचं दुखणं विसरून जाल.

८ मिलिमीटरच्या, १.२५ पिचच्या (दोन आट्यांतलं अंतर) आट्यांसाठी टॅपचं, म्हणजे आटे पाडणाऱ्या हत्याराचं, भोक ६.८ चं असतं. ६.५ पर्यंत मधोमध आलात तर उरतं ते आट्यांचं पातळ कवच. टोच्याने त्याचं टोक आत दुमडा, नाकाच्या पकडीने स्प्रिंगसारखं गोल गोल ओढून काढा. मग त्याच मापाचा टॅप हाताने चालवून आटे साफ करा. मूळ आटे वाचले.

आता ईझी आउट. मी ते हत्यार फेकून दिलेलं नाही. घट्ट करताना तुटलेल्या, आत मोकळ्या असलेल्या बोल्टाला ते छान चालतं. जाम बोल्टाला मात्र ते लावू नका. त्याचा आकार निमुळता आणि पीळदार, म्हणजे जितकं फिरवाल तितकं ते बोल्टाला आतून फुगवतं आणि आट्यांत आणखी दाबतं. शिवाय ते कडक पाणी दिलेल्या पोलादाचं, ठिसूळ. तुटलं की साध्या बिटने त्याला ओरखडाही निघत नाही.

गॅरेज सुरू करून दुसरं वर्ष होतं. एका शिक्षकांची गाडी, थर्मोस्टॅट हाउसिंगचा ६ मिलिमीटरचा बोल्ट, खोलताना तुटला. वर्ध्याला त्यांच्या मुलीचा साखरपुडा दोन दिवसांवर आला होता आणि मी घाई केली. ३ चं भोक, त्यात लहान ईझी आउट, टॅपच्या हँडलने फिरवलं. टिच्च असा आवाज झाला, फार मोठाही नाही. ईझी आउट भोकात, पातळीच्या खाली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. हेड उतरवून हिंगणा एमआयडीसीतल्या एका टूलरूमला न्यावं लागलं. तिथे तांब्याच्या इलेक्ट्रोडने, तेलात बुडवून, ठिणग्यांनी ते जाळून काढलं. मशीनवर तासाभराचं काम, पण हेड उतरवणं, नवं पॅकिंग, परत बसवणं धरून चार दिवस गेले. सर साखरपुड्याला एसटीने गेले. मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ईझी आउट आत तुटलेलं असेल तर असं ठिणग्यांनी जाळणं, म्हणजे स्पार्क इरोजन, हाच खात्रीचा उपाय. कार्बाइडच्या बरने (छोट्या फिरत्या कानशीने) घासून काढणारे कारागीर आहेत, पण हात जरा हलला की ॲल्युमिनियम आधी जातं.

आटेच गेले तर

भोक वाकडं झालं किंवा आटे उडाले तर हेड बदलायची गरज नाही. हेलिकॉइल बसवा. किटमध्ये मोठा ड्रिल, खास टॅप आणि स्टीलच्या तारेची गुंडाळी येते, ती आत बसवली की मूळ मापाचाच बोल्ट लागतो. ॲल्युमिनियममध्ये हे नव्या आट्यांपेक्षा मजबूत बसतं. एमसीलने किंवा ॲराल्डाइटने भरून एक्झॉस्टचा स्टड बसवलेला मी खोलला आहे. तो तापमानात टिकत नाही, कोणी सुचवलं तरी करू नका. भोक वाढवून १० चा बोल्ट मारणं हाही शेवटचाच मार्ग, भिंत पातळ होते.

तोच स्टड पुन्हा का तुटतो

एकदा काढून दिलेला स्टड वर्षभराने तिथेच पुन्हा तुटला, तर दोष काढणाऱ्याचा नसतो. कारण शिल्लक राहिलेलं असतं. मॅनिफोल्ड उतरवलाच आहे तर त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून खालून उजेड बघा. टोकाकडे उजेड दिसला तर तो वाकला आहे, आणि बोल्ट आवळताना तुम्ही स्टडला वाकवूनच बसवता. खरादवाल्याकडून तोंड सपाट करून घ्या. किती घासायचं ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे.

मग गाडीखाली झोपा. सायलेन्सरचे रबरी हँगर तुटलेले असतील, इंजिनचा फाउंडेशन रबर बसलेला असेल, तर पूर्ण एक्झॉस्टचं वजन आणि प्रत्येक गिअरचा झटका त्या टोकाच्या स्टडवर येतो. पुरातल्या त्या डिझेल गाडीत मागचे दोन हँगर गायब होते, मालकांना पत्ता नव्हता. स्टड बदलला असता आणि हँगर नाही, तर ती परत आली असती.

स्टड बाजारातून घेताना "८ चा स्टड द्या" एवढंच सांगू नका. मॅनिफोल्डसाठी उष्णता सोसणाराच घ्या, शक्यतो कंपनीचा. इतवारीच्या लोहाओळीत साधा स्टड स्वस्त मिळतो, तो ब्रॅकेटला ठीक, इथे नको. नट नवे, तांब्याचा मुलामा असलेले. पॅकिंग नवं. आट्यांवर तांब्याचं किंवा निकेलचं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) हलकं लावा, आणि ते लावलं तर टॉर्क वीस-पंचवीस टक्के कमी करा, कारण घसरण वाढल्याने त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. ८ मिलिमीटरला कोरड्या आट्यांवर साधारण २५ न्यूटन-मीटर, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. मधल्या स्टडांपासून टोकांकडे जायचं, दोन-तीन टप्प्यांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर थंड राहिल्यावर सुरू करा आणि दोन मिनिटं बोनेटवर वाकून ऐका. आवाज नसेल तर हीट शील्ड, म्हणजे मॅनिफोल्डवरचं उष्णता अडवणारं झाकण, परत लावा. ते पत्रं आहे म्हणून काढून ठेवायचं नसतं. आणि त्याच्या १० च्या पान्याच्या छोट्या बोल्टांनाही अँटीसीझ लावा. पुढच्या वेळी कोणी मॅनिफोल्ड खोलायला आला, तर सगळ्यात आधी तेच तुटणार आहेत.